रक्त नव्हे, रीत : युद्धातलं निकोपोल

युक्रेनच्या दक्षिणेकडच्या कुठल्याही गावाबद्दल लिहायला घेतलं, की लेखणी आपसूक 'कोसॅक रक्ता'कडे वळते. गाव तोफांच्या टप्प्यात आहे, तरी माणसं कामावर जातात, शेजाऱ्याच्या फुटलेल्या खिडकीवर फळी ठोकून देतात, सैन्यासाठी जाळ्या विणतात. हे कसं, असं विचारलं की उत्तर हाताशी असतं: ही झापोरोझियन कोसॅकांची पोरं, लढणं यांच्या रक्तातच आहे. द्नीप्रोच्या, म्हणजे आपण भूगोलाच्या पुस्तकात नीपर म्हणून वाचलेल्या नदीच्या, उजव्या काठावरच्या निकोपोलबद्दल तर हे उत्तर फारच सोयीचं. कोसॅकांच्या इतिहासातली किती तरी पानं याच परिसरात लिहिली गेली. तरीही हे स्पष्टीकरण खोटं आहे. नुसतं खोटं असतं तर सोडून देता आलं असतं, पण त्यातून त्या गावाचं नुकसान होतं. निकोपोलनं फेब्रुवारी २०२२पासून जे निभावलं ते कारखान्याच्या पाळीतून, स्वतःचा पैसा स्वतः खर्चणाऱ्या गावकारभारातून आणि एकमेकांच्या हाकेला धावण्याच्या सवयीतून आलेलं आहे. कोसॅक वारशाला त्यात जागा आहे, आणि ती मोठी आहे. मात्र ती वंशातून मिळालेली नाही.

आधी गाव कुठं आहे ते पाहायला हवं, कारण निकोपोलच्या यातना त्याच्या जागेतून आल्या आहेत. युद्धापूर्वी लाखाच्या किंचित वर वस्तीचं हे कारखान्यांचं शहर. समोर काखोव्का धरणाचा जलाशय होता, सुमारे २४० किलोमीटर लांब आणि दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेला. लोक त्याला सरळ समुद्रच म्हणत. पलीकडच्या काठावर एनर्होदार, आणि त्याला लागून सहा अणुभट्ट्यांचं झापोरिझ्झिया अणुवीज केंद्र, युरोपातलं सर्वांत मोठं. निकोपोलच्या काठावरून ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ४ मार्च २०२२ रोजी रशियन सैन्यानं ते केंद्र बळकावलं, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून पलीकडून निकोपोलवर रॉकेटं आणि तोफगोळे पडू लागले. उलट मारा करावा तर पुढं अणुभट्ट्या. म्हणजे शत्रूनं अशी जागा धरली, की तिथून मारता येतं आणि तिच्यावर मारता येत नाही. अंतर इतकं थोडं, की धोक्याचा भोंगा ऐकून तळघर गाठायच्या आत गोळा पडलेला असतो. पुढं छोटी ड्रोन आली. त्यांवर कॅमेरा असतो, चालवणाऱ्याला खालचा माणूस दिसत असतो, आणि तरी ती बसवर, रुग्णवाहिकेवर, सायकलवरच्या माणसावर सोडली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र चौकशी आयोगानं २०२५ साली द्नीप्रोच्या उजव्या काठावरच्या नागरी वस्त्यांवरचे असे हल्ले मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतात, असा निष्कर्ष काढला.

आता कोसॅकांकडे येऊ. निकोपोलचं जुनं नाव मिकितिन रिह. इथं नदी ओलांडायचा उतार होता, आणि सतराव्या शतकाच्या मध्याला मिकितिनची सिच, म्हणजे कोसॅकांची तटबंद छावणी, इथंच उभी होती. झापोरोझियन कोसॅकांच्या ज्या आठ सिच मानल्या जातात, त्यांतल्या पाच निकोपोलच्या आसपासच्या टापूतल्या. १६४८च्या आरंभी बोहदान ख्मेल्नित्स्कीला हेटमन, म्हणजे कोसॅकांचा सरसेनापती, म्हणून निवडलं गेलं ते इथंच. त्या निवडीतून पोलंड-लिथुआनियाच्या राज्याविरुद्धचा मोठा उठाव निघाला आणि पूर्व युरोपचा नकाशा बदलला. जवळच्या कापुलिव्का गावाशी चोर्तोम्लिकची सिच होती आणि तिथं इवान सिर्को या गाजलेल्या सरदाराचं थडगं आहे. इल्या रेपिनच्या चित्रात तुर्कांच्या सुलतानाला पत्र लिहिताना पोट धरून हसणारे कोसॅक ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी चोर्तोम्लिकच्या सिर्कोची माणसं पाहिली आहेत. पण सिच म्हणजे नुसती लढवय्यांची छावणी समजणं अपुरं आहे. मालकाच्या जाचातून पळालेलं कूळ, कर्जबुडवा शहरी, पोलंडचा, मोल्दोव्हाचा, तातारांच्या मुलखातला माणूस, कुणीही तिथं यावं, ऑर्थोडॉक्स धर्म मान्य करावा, नवं टोपणनाव घ्यावं आणि एखाद्या कुरीनमध्ये, म्हणजे छावणीतल्या एकत्र राहणाऱ्या तुकडीत, दाखल व्हावं. शेवटच्या काळात असे ३८ कुरीन होते. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांची सभा भरे, तिला राडा म्हणत. ती कोशोवी अतामान, म्हणजे मुख्य, निवडे आणि मनातून उतरला तर त्याला खालीही खेचे. ज्या समाजात माणसाचं घराणं विचारत नसत, त्या समाजाचा वारसा आज रक्तात शोधणं ही त्या वारशाचीच विटंबना आहे.

शिवाय रक्ताची ती साखळी तुटली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. १७७५च्या जून महिन्यात कॅथरिन राणीच्या फौजेनं शेवटची सिच मोडून टाकली. तिचा अखेरचा कोशोवी, पेत्रो कालनिशेव्स्की, पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्की मठाच्या कोठडीत डांबला गेला. सुटका झाली तेव्हा तो शंभरी उलटलेला होता, आणि १८०३ साली तिथंच वारला. कोसॅकांपैकी काही डॅन्यूबकडे गेले, काहींना कॉकेशसच्या पायथ्याच्या कुबान प्रांतात वसवलं गेलं. त्यांच्या जमिनी सरदारांना वाटल्या आणि नवी वस्ती आणली: रशियन, सर्ब, ग्रीक, मेनोनाइट जर्मन, ज्यू. एकोणिसाव्या शतकाअखेर खाणी आल्या, मग सोव्हिएत काळातले कारखाने, आणि त्यांच्यापाठोपाठ साऱ्या साम्राज्यातून मजूर आणि इंजिनिअर. १९५०च्या दशकात काखोव्काचं धरण झालं तेव्हा कोसॅकांची शिकारीची, मासेमारीची, लपण्याची जागा असलेलं ते अफाट पाणथळ रान, वेलिकी लुह, बुडालं. शेवटच्या सिचची जमीनही त्याच पाण्याखाली गेली. लाटांनी काठ खचू लागला म्हणून १९६७ साली सिर्कोचे अवशेषसुद्धा दुसरीकडे हलवावे लागले. एवढं सगळं झाल्यावर आजच्या निकोपोलकराच्या धमन्यांत सिचचं रक्त मोजायचं कसं?

यावर कुणी म्हणेल, मोजता येत नसलं तरी परंपरा झिरपत येतेच. तसं असतं तर दोन गोष्टींचा उलगडा करावा लागेल. पहिली कुबानची. झापोरोझियन कोसॅकांचे थेट वंशज म्हणवून घ्यायचा हक्क कुणाला असेल तर तो कुबानमध्ये नेलेल्यांच्या वंशजांना. ते झारचे निष्ठावंत स्वार झाले, आणि २०१४ साली क्रिमिया गिळला गेला तेव्हा कुबानची कोसॅक पथकं रशियाच्या बाजूनं तिथं हजर होती. रक्त तेच, मधली अडीचशे वर्षं वेगळी, आणि निष्पत्ती नेमकी उलटी. दुसरी गोष्ट समोरच्याच काठावरची. एनर्होदार १९७० साली वीज केंद्रासाठी वसवलेलं गाव. त्याला कोसॅक भूतकाळच नाही. तिथं सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यातून आलेले तंत्रज्ञ राहत आणि रस्त्यात बहुतकरून रशियन बोलत. २ मार्च २०२२ रोजी रशियन ताफा गावाकडे येऊ लागला तेव्हा हेच लोक हजारोंनी रस्त्यावर आले. कचऱ्याचे ट्रक, टायर आणि वाळूची पोती यांची भिंत रचून त्यांनी रस्ता अडवला. हातात हत्यार नव्हतं, झेंडे होते. केंद्रातली माणसं केंद्रासाठी उभी राहिली, कारण ते त्यांचं कामाचं ठिकाण होतं, त्याला गोळी लागली तर काय होईल हे त्यांना जगात सर्वांत चांगलं ठाऊक होतं. हा पुरावा मला सिचच्या सगळ्या दंतकथांपेक्षा वजनदार वाटतो.

म्हणून शोध कामाच्या ठिकाणी घ्यायला हवा, आणि निकोपोलमध्ये काम म्हणजे मँगनीज. १८८३ साली भूगर्भतज्ज्ञ व्हालेरियान दोम्हेर याला इथल्या सोलोना नदीकाठी मँगनीजचं खनिज सापडलं, आणि १८८६ साली पहिली खाण सुरू झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या मँगनीज साठ्यांत या खोऱ्याची गणना होते. शेजारची मार्हानेत्स आणि पोक्रोव ही गावं त्याच्याच खाणींवर उभी राहिली. विदर्भातल्या वाचकाला ही दुनिया परकी वाटू नये. नागपूर जिल्ह्यातलं मनसर, गुमगाव आणि भंडाऱ्यातलं डोंगरी बुजुर्ग, चिखला ही खाणींची गावं याच धातूवर जगतात, आणि मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. मँगनीजचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पोलादात जातो. तो ऑक्सिजन आणि गंधक ओढून घेतो, पोलादाला चिवटपणा देतो, त्याच्याशिवाय रेल्वेचा रूळही टिकायचा नाही. त्यामुळंच १९४१ साली निकोपोल जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर हिटलरनं या खाणींचा हट्ट धरला. साठा वर्षभर पुरेल, असं त्याचा शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर कळवत होता, तरी निकोपोल सोडायचं नाही असा हुकूम निघाला, आणि फेब्रुवारी १९४४मध्ये गाव सुटेपर्यंत तिथल्या चिखलात हजारो माणसं मेली. त्या ताब्याच्या वर्षांत गावातली ज्यू वस्ती नाझींनी मारून संपवली. कोसॅकांची आठवण काढणाऱ्या कुठल्याही लेखानं ही आठवण गाळू नये.

युद्धानंतर, १९६६ साली, निकोपोलचा फेरो अलॉय कारखाना सुरू झाला. त्याच्या भट्टीपाशी क्षणभर थांबण्यासारखं आहे. मँगनीजचं खनिज, गारगोटीचा दगड आणि कोक यांचं मिश्रण वरून ओतलं जातं. त्यात कार्बनचे अजस्र खांब उतरलेले असतात, एकेक माणसाच्या कवेत न मावणारा. त्यांतून वीज सोडली की आतला लगदा पंधराशे अंशांच्या वर तापून वितळतो. खांब खालून झिजत जातात, वरून त्यांच्या पोलादी कवचात डांबर आणि कोळशाचा राबडा भरत राहायचा. तो खाली सरकताना भट्टीच्याच आचेनं भाजून घट्ट होतो. दर काही तासांनी भट्टीचं मातीनं बुजवलेलं तोंड फोडायचं, लाल रस आणि त्यावरची मळी वेगळी वाहू द्यायची, आणि तोंड पुन्हा मातीनं लिंपायचं. एक टन सिलिको मँगनीजला चार हजार युनिटच्या आसपास वीज लागते. आता कल्पना करा, की मध्येच भोंगा झाला किंवा क्षेपणास्त्र पडून वीज गेली. खांब थंड होऊन तडकतात, लगदा गोठतो, आणि भट्टी पुन्हा चालती करायला दिवसच्या दिवस जातात. अशा जागी वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत: पुढच्या पाळीचा माणूस येईतो जागा सोडायची नाही, आपली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, भीती वाटली तरी क्रम चुकवायचा नाही. गावात १९३०च्या दशकात सुरू झालेला नळ्यांचा मोठा कारखाना आणि त्यातून निघालेले पोलादी नळ्यांचे उद्योग आहेत; तिथंही रीत हीच. कधी वीज नाही म्हणून, कधी खनिज नाही म्हणून, कधी गोळीबारामुळं हे कारखाने अडले, फेरो अलॉयच्या भट्ट्यांना मध्यंतरी काही महिने थंड पडून राहावं लागलं, आणि पुन्हा पेटवल्या गेल्या. पेटवणारे हात गावात उरले होते म्हणूनच ते जमलं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. या कारखान्यांचा नफा कुणाच्या खिशात गेला? सोव्हिएत संघ कोसळल्यावर युक्रेनचे मोठे उद्योग मूठभर धनाढ्यांनी लाटले, आणि निकोपोलचा फेरो अलॉय कारखाना तर त्या लुटीच्या झगड्याचं ठळक उदाहरण ठरला. २००३ साली त्याचे सरकारी समभाग विकले गेले, २००५ साली ते खाजगीकरण रद्द करण्याचा प्रयत्न झाला, पिंचूक आणि कोलोमोइस्की या दोन बड्या नावांची त्यावरून कोर्टात आणि रस्त्यावर ओढाताण चालली. चिमण्यांचा धूर गावाच्या छातीत आणि पैसा परदेशी खात्यांत, ही तक्रार रास्त आहे. मग अशा कारखान्याला गावाच्या एकजुटीचं श्रेय कसं द्यायचं? श्रेय मालकांना देण्याचा प्रश्नच नाही. १९८९च्या जनगणनेत दीड लाखांच्या वर असलेलं गाव युद्धापूर्वीच लाखाच्या घरात आलं होतं, याला त्यांची लूट आणि त्यांची बेपर्वाई बऱ्याच अंशी जबाबदार आहे. पण कारखाना म्हणजे मालक नव्हे. पाळीवर चारशे माणसं एकमेकांच्या भरवशावर उभी राहतात तेव्हा जी सवय लागते ती कुणाच्या समभागांत बांधलेली नसते, आणि मालक बदलला म्हणून ती विकलीही जात नाही. खुद्द कोलोमोइस्कीला सप्टेंबर २०२३मध्ये, भर युद्धात, युक्रेनच्याच यंत्रणेनं फसवणुकीच्या संशयावरून अटक केली. ही लढाई आतल्या लुटीशीही आहे, हे त्या समाजाला कळतं.

दुसरा आधार गावकारभाराचा, आणि बाहेरच्या वार्ताहरांना तो सर्वांत कमी दिसतो, कारण त्यात फोटो काढण्याजोगं काही नसतं. २०१४च्या क्रांतीनंतर युक्रेननं सत्तेचं विकेंद्रीकरण सुरू केलं. हजारो विखुरलेल्या, कंगाल ग्रामसभा मिळून चौदाशेहून अधिक सक्षम स्थानिक संस्था बनल्या. त्यांना हरोमादा म्हणतात. महत्त्वाची गोष्ट पैशाची. त्या हद्दीत कापल्या जाणाऱ्या वैयक्तिक प्राप्तिकराचा ६० टक्क्यांहून अधिक वाटा तिथंच राहू लागला. निकोपोलसारख्या गावात याचा अर्थ कारखान्याचा पगार झाला की शाळेचं छप्पर आणि पाण्याचा पंप दोन्ही चालतात. कारखाना आणि पालिका यांचा हा सांधा पक्का नसता, तर युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात गाव कोसळलं असतं. रात्री गोळा पडला, की सकाळी पालिकेची माणसं आणि इमारतींचे रहिवासी संघ मिळून काच झाडतात, दाबीव फळ्या आणि प्लास्टिकचा कागद लावतात, वायूची आणि विजेची जोडणी तपासतात. कुणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही, कारण खर्चाचा अधिकार गावातच आहे. याला जोड मिळते तोलोका या जुन्या प्रथेची, आपल्याकडच्या इर्जिकीसारखी: एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं. युद्धात त्या प्रथेनं नवी रूपं घेतली आहेत, युक्रेनभर आणि निकोपोलमध्येही. खाऊन रिकामा झालेला पत्र्याचा डबा घ्यायचा, जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळी करून त्यात घट्ट बसवायची, मधोमध एक तुकडा वर काढून वात करायची, आणि उरल्यासुरल्या मेणबत्त्या वितळवून ते मेण वरून ओतायचं. खंदकातल्या सैनिकाला तेवढ्यावर काही तास ऊब, चहा आणि वाळलेले मोजे मिळतात. जुन्या मासेमारीच्या जाळ्यांवर कपड्यांच्या चिंध्या बांधून लपवणीच्या जाळ्या होतात. हे करणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका असतात, शाळा तळघरात किंवा पडद्यावर गेल्यानं घरी अडकलेली मुलं असतात.

या व्यवस्थेची खरी परीक्षा ६ जून २०२३ रोजी झाली. रशियाच्या ताब्यातलं काखोव्का धरण उद्ध्वस्त झालं. खालच्या अंगाच्या गावांत पूर आला ते जगानं पाहिलं. वरच्या अंगाच्या गावांचं पाणी गेलं ते फारसं कुणी पाहिलं नाही. १८ अब्ज घनमीटरचा जलाशय काही दिवसांत ओसरला आणि निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव यांच्या पाणीउपशाच्या तोंडाशी चिखल उरला. उन्हाळा, वर गोळीबार, आणि नळ कोरडे. टँकर ठरावीक ठिकाणी येत, माणसं प्लास्टिकचे कॅन घेऊन जात, आणि रांग म्हणजे पलीकडच्या तोफेला आयतं लक्ष्य, म्हणून ती वाटून, विखरून लावावी लागे. ज्यांच्या परसात विहीर किंवा बोअर होती त्यांनी ती शेजाऱ्यांना मोकळी केली. सरकारनं काही आठवड्यांतच नव्या मुख्य जलवाहिन्या टाकायला घेतल्या, एकूण लांबी सुमारे दीडशे किलोमीटर, त्यातला मोठा भाग माऱ्याच्या टप्प्यात. झापोरिझ्झियाजवळच्या खोर्तित्सियाकडून तोमाकिव्का आणि मार्हानेत्स करत नवं पाणी निकोपोलपर्यंत आलं. पिण्यासाठी मात्र पुढंही टँकर आणि बाटल्यांवर भिस्त ठेवावी लागली. शांततेच्या काळातही एवढी जलवाहिनी किती वर्षं रखडते, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

आता सर्वांत बोचरा आक्षेप. एवढी एकजूट होती, तर निम्म्याच्या आसपास लोक निघून का गेले? माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. लहान मुलं घेऊन माऱ्याबाहेर जाणं हा गावाचा पराभव नाही. खरं तर अनेक घरांत आई आणि मुलं बाहेर पाठवून कमावता माणूस पाळीवर राहिला, आणि गेलेल्यांनी बाहेरून पैसा, औषधं, जनरेटर धाडले. राहिलेल्यांतले सगळे धैर्यानं राहिले असंही मानू नये. कित्येक म्हातारी माणसं जायला दुसरी जागा नाही म्हणून राहिली. गावाचं मोल ठरतं ते या लोकांना औषध, भाकरी आणि पाणी रोज पोचतं की नाही यावर. निकोपोलमध्ये ते पोचत राहिलं. समाजाची ताकद मोजायची असेल तर ही मोजणी करावी, छाती पुढं काढून उभ्या राहिलेल्यांची नव्हे.

मग कोसॅक वारसा कशासाठी? मला तो दोन अर्थांनी खरा वाटतो. एक, तो या भूमीवरचा रशियाचा दावा खोडून काढतो. कॅथरिननं ओसाड माळावर शहरं वसवली आणि म्हणून हा सारा 'नोव्होरोसिया', म्हणजे नवा रशिया, आमचाच, असं क्रेमलिन सांगतं. पण मिकितिनच्या उतारावर कॅथरिनच्या आधी सव्वाशे वर्षं लोक सभा भरवून आपला पुढारी निवडत होते, हे दस्तऐवजांत आहे. दोन, तो एक मापदंड पुरवतो. पुढारी निवडायचा, जाब विचारायचा, नको असेल तर उतरवायचा, ही आठवण ज्या गावाच्या नावाला चिकटलेली आहे, त्याला महापौराला जाब विचारताना परक्या देशाचा दाखला द्यावा लागत नाही. दिमित्रो याव्होर्नित्स्कीसारख्या इतिहासकारानं उभं आयुष्य या खेड्यांतून फिरून ती आठवण गोळा केली, हे त्याचं ऋण. मात्र हा वारसा धुतल्या तांदळाचा नाही. १६४८च्या त्याच उठावात हजारो ज्यूंची कत्तल झाली, सिचमध्ये बाईला पाऊल ठेवायला बंदी होती, आणि तातारांशी हातमिळवणीची किंमत खेड्यांतल्या गरिबांनी गुलाम होऊन मोजली. रक्ताचा वारसा मानला की हे सगळं मुकाट गळ्यात घ्यावं लागतं किंवा लपवावं लागतं. रीतीचा वारसा मानला तर निवड करता येते. आजचं युक्रेन ती निवड करतं आहे. ज्या देशाच्या सैन्यात हजारो स्त्रिया लढतात आणि ज्याचा राष्ट्राध्यक्ष ज्यू घरातला आहे, त्यानं सिचकडून काय घेतलं आणि काय टाकलं, हे उघड आहे.

एवढा खल कशासाठी, असं वाटू शकेल. कारण रक्ताच्या स्तुतीत बाहेरच्यांची सुटका दडलेली असते. एखादा समाज जन्मानंच शूर ठरवला, की त्याला हवाई संरक्षण थोडं उशिरा मिळालं तरी चालतं, जनरेटर पुढच्या वर्षी पाठवले तरी चालतात, कारण ते काय, कसंही निभावून नेतील. निकोपोलच्या घराघरांत औषधांच्या डब्यात पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या आहेत, अणुकेंद्रात काही झालं तर गिळायच्या. त्या गोळ्या वंशपरंपरेनं येत नाहीत; कुणीतरी त्या विकत घेतल्या, पोचवल्या, कोणत्या वयाला किती हे लिहून दिलं. सवय आणि व्यवस्था झिजतात. त्यांना पगार लागतो, वीज लागते, दुरुस्तीचं साहित्य लागतं. २०२३च्या शरदात सैनिकांच्या पगारावरचा प्राप्तिकर हरोमादांकडून काढून केंद्राकडे वळवला गेला. युद्धखर्चापोटी तो निर्णय समजण्यासारखा आहे, तरी आघाडीलगतच्या गावांच्या हातातलं साधन त्यानं कमी झालं. एकजूट भावनेवर चालत नाही, याचा याहून सरळ दाखला नको.

युद्ध थांबल्यावर निकोपोलपुढं जो प्रश्न उभा राहणार आहे, तो वारसा आणि उद्योग यांना समोरासमोर आणणारा आहे. जलाशय आटला तसा वेलिकी लुहचा बुडालेला तळ उघडा पडला, आणि एकाच हंगामात त्यावर विलोच्या रोपांचं रान माजलं. इतिहासकार आणि निसर्गप्रेमी म्हणतात, सत्तर वर्षांनी कोसॅकांचं रान परत आलं आहे, ते आता बुडवू नका. दुसरीकडे २०२३च्या जुलैमध्ये सरकारनं काखोव्का जलविद्युत केंद्र पुन्हा उभारण्याच्या प्रायोगिक प्रकल्पाला मान्यता दिली आहे. कारखान्यांना पाणी हवं, दक्षिणेच्या शेतीला सिंचन हवं, अणुकेंद्राला थंडावा हवा. दोन्ही बाजूंना वजन आहे. माझा कल छोट्या जलाशयाकडे आणि नव्या जलवाहिन्या पक्क्या करण्याकडे आहे, कारण एका धरणावर तीन शहरांचं पाणी टांगून ठेवण्याचा धोका काय असतो हे दिसून चुकलं आहे. पण माझा कल महत्त्वाचा नाही. १९५०च्या दशकात ते रान बुडवताना तिथल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि २०२३ साली धरण फोडतानाही नाही. तिसऱ्या वेळी हा निर्णय एकट्या कीवच्या मंत्रालयात किंवा देणगीदार देशांच्या परिषदेत होऊ नये. निकोपोल, मार्हानेत्स आणि पोक्रोवच्या निवडून आलेल्या सभांना त्यात मत असावं, आणि ते मत मोजलं जावं.